मंडालेहून आलेले अंत्यविधीचे पत्र : लोकमान्य टिळकांच्या एका खासगी पत्राचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

नागपूर-विदर्भात लोकमान्य टिळकांची आठवण प्रामुख्याने राजकीय आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरहून सुरतेस का हलविले गेले, १९०८ च्या शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेस कसे गेले, या गोष्टी येथील अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. त्या शिक्षेच्या काळात टिळकांनी लिहिलेल्या खासगी पत्रांकडे मात्र चरित्राचे साधन म्हणूनच पाहिले गेले. वाङ्मयीन दृष्टीने त्यांचा विचार क्वचितच झाला. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका पत्राचा विचार केला आहे. पत्नी सत्यभामाबाई यांच्या निधनाची तार मिळाल्यावर जून १९१२ मध्ये टिळकांनी मंडालेच्या तुरुंगातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेले हे पत्र होय.

पत्राची जडणघडण

या पत्राकडे पाहण्याची रूढ दृष्टी सर्वश्रुत आहे. 'गीतारहस्या'चे लेखन १९११ च्या मार्चपर्यंत पूर्ण झाले होते. निष्काम कर्मयोगाचा ग्रंथ हातावेगळा झाल्यानंतर अवघ्या सव्वा वर्षात ही तार आली. तेव्हा हे पत्र म्हणजे स्थितप्रज्ञतेची कसोटी आणि टिळक त्या कसोटीस उतरले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. मूळ मजकूर त्याला तितकासा दुजोरा देत नाही. संकटे शांतपणे सोसण्याची सवय असूनही या आघाताने आपण हादरलो, अशी स्वच्छ कबुली टिळक आरंभीच देतात. तुरुंगातील पत्र आधी अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाते, हे ठाऊक असलेल्या माणसाने ती दिली आहे, हे विशेष. पतीच्या आधी पत्नीने जावे यात आपल्या समजुतीप्रमाणे अनिष्ट काही नाही, असे ते पुढे लिहितात. अहेवपणी मरण येणे भाग्याचे, ही त्या काळच्या घराघरांतील धारणा होय. परंतु हे सांत्वन त्यांना पुरलेले दिसत नाही, कारण लगेच खरे शल्य येते : अखेरच्या वेळी आपण तिच्याजवळ नव्हतो. आयुष्याचा एक अध्याय संपला, दुसराही संपण्यास फार काळ लागणार नाही, असे लिहून ते आपले दुःखी विचार आवरते घेतात.

येथून पत्राचा सूर पालटतो आणि आज्ञार्थी क्रियापदे सुरू होतात. उत्तरक्रिया यथाविधी करावी. अस्थी प्रयागला किंवा काशीला पाठवाव्यात, अथवा तिने अन्य एखाद्या स्थळाची इच्छा व्यक्त केली असल्यास तेथे. तिच्या अखेरच्या इच्छा अक्षरशः पाळाव्यात, आतापर्यंत पाळल्या नसतील तर. मुलींना सांभाळावे आणि रामभाऊ-बापूंचे शिक्षण बुडू देऊ नये. आपणही लहानपणीच पोरके झालो होतो, याचे स्मरण टिळक करून देतात. वडील गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते.

या सूचनांतील 'नसतील तर' ही अट महत्त्वाची आहे. पुण्याची तार मंडालेस त्वरित पोहोचली, तरी मंडालेचे टपाल आगगाडी आणि आगबोट करीत पुण्यास यायला बरेच दिवस लागत. दहन तर केव्हाच झालेले. पत्र हाती पडेपर्यंत दहावे-बारावेही बहुधा उरकलेले असणार, हे टिळकांस कळत होते. थांबू शकणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे अस्थी. म्हणूनच सर्व सूचनांत नेमकी स्थळे येतात ती अस्थींच्या संदर्भात. या वाक्यांत कर्मयोगाचे तत्त्वज्ञान शोधण्यापेक्षा, दूर अडकलेल्या कर्त्या पुरुषाच्या हाती उरलेले एवढेसे काम त्यांत पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

एक तुलना

चौदा वर्षांनंतरचे दुसरे एक पत्र येथे शेजारी ठेवण्यासारखे आहे. धाकटा मुलगा राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑगस्ट रोजी दत्तोबा पवार यांना इंग्रजीत पत्र लिहिले. तीन मुलगे आणि एक मुलगी, अशी चार अपत्ये आपण पुरली, असे ते त्यात नोंदवितात. बायबलमधील मिठाच्या दृष्टान्ताचा आधार घेऊन जगण्यातील चव गेल्याचे सांगतात. त्यांचाही शोक एका जागी आवरला जातो, परंतु तिथे पत्रच संपते, कारण पुढे लिहवत नाही. टिळकांचे पत्र नेमके त्या बिंदूपासून कामाला लागते. यावरून एकाचे धैर्य मोठे आणि दुसऱ्याचे कमी ठरविणे हास्यास्पद होईल. बाबासाहेबांनी माती दिली होती. सूचना द्याव्यात असे काही उरलेच नव्हते. टिळकांना ना अग्नी देता आला, ना जवळ बसता आले.

पत्रातील सत्यभामाबाई

लाडघरच्या बाळ घराण्यातील ही मुलगी १८७१ मध्ये टिळकांच्या घरात आली. लोकमान्यांच्या सार्वजनिक लेखनात तिला स्थान जवळजवळ नाही. या पत्रातही तिच्या स्वभावाचे वा संसाराचे वर्णन नाही. ही उणीव मान्य करावीच लागते. तरीही अस्थी कोठे न्याव्यात या प्रश्नावर धर्मशास्त्राचा हा व्यासंगी पंडित प्रयाग आणि काशी ही नावे घेतो आणि त्याच वाक्यात निर्णय पत्नीच्या इच्छेवर सोडतो. ती इच्छा काय होती, हे चार वर्षे दूर असलेल्या पतीला ठाऊक नव्हते. ते पुण्यातील माणसांनाच विचारणे भाग होते.