उशाशी बसलेले माणूस

नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या वाङ्मयीन मतांवर फार भिस्त ठेवू नये, हे आम्हांस मान्य आहे. गेल्या वर्षी भाताच्या लावणीच्या दिवसांत विषमज्वराने आम्ही सहा आठवडे अंथरुणास खिळलो होतो. उशीला टेकून बसता येऊ लागल्यावर जे वाचले, त्यातूनच पुढील विचार सुचले आहेत. वाचकांनी तेवढी सूट आम्हांस द्यावी. मतांना मात्र देऊ नये.

आमचा मुक्काम आडुतुरै येथे आहे. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे लहानसे गाव. १९२२ साली येथे भाताचे संशोधन केंद्र निघाले आणि गावाचे नाव भाताच्या वाणांना लागून दूरवर पोचले. गावाची जुनी ओळख निराळी आहे. तेन्-कुरंगाडुतुरै हे त्याचे जुने नाव. सुग्रीवाने येथे शंकराची आराधना केली, अशी कथा सांगतात. येथील देवाचे नाव आपत्सहायेश्वर. सातव्या शतकातील शैव संत अप्पर आणि संबंधर या दोघांचीही या स्थानावरील पदे ‘तेवारम्’मध्ये आहेत. आमचे तमिळ तोकडे. परंतु शेजारचे एक निवृत्त शिक्षक संध्याकाळी येऊन बसत आणि आमचे दुखणे पाहून त्यांनी अप्परच्याच दुखण्याची कथा काढली. बाराव्या शतकात शेक्किळारने रचलेल्या ‘पेरियपुराणम्’ या चार हजारांहून अधिक पद्यांच्या संतचरित्रात ती विस्ताराने आली आहे.

तिरुवामूर गावी तिलकवती आणि तिचा धाकटा भाऊ अशी दोघे भावंडे. आईबाप गेले. तिलकवतीचे ज्याच्याशी लग्न ठरले होते तो सेनानी युद्धात पडला. तीही प्राण देण्यास निघाली होती. पण भावाला दुसरे कोणी नाही म्हणून जगली. तो भाऊ पुढे जैन मठात गेला, धर्मसेन या नावाने मोठा आचार्य झाला, आणि एके दिवशी पोटशूळाने लोळू लागला. मठातील उपचार हरले, तेव्हा त्याने बहिणीकडे निरोप पाठविला. निरोप घेऊन गेला तो त्याचा स्वयंपाकी. शेक्किळारच्या प्रतिभेची खूण आम्हांस येथे पटली. रोग्याचे ताट जसेच्या तसे परत येते ते पहिल्याने कोणास कळते? आचार्याच्या शिष्यांस नव्हे.

आणि तिलकवती काय उत्तर देते? ती येत नाही. मठात पाऊल ठेवणार नाही, असे ती स्वयंपाक्यास स्पष्ट सांगते. भावाला वेदना सोसत रात्री तिरुवदिगैपर्यंत तिच्या दारी यावे लागते. मग ती त्याच्या कपाळी भस्म लावते, आणि पहाटे मंदिर झाडण्यास निघते तेव्हा त्याला बरोबर नेते. तेथे तो गातो आणि शूळ शमतो. जैन मताविषयी शेक्किळार न्यायाने लिहीत नाही, हे उघड आहे. पंथाभिमानाचा तेवढा भाग बाजूस ठेवूनच ही कथा वाचावी लागते. परंतु शुश्रूषा करणारीलाही स्वतःची अट असू शकते, तिने पान्हा फुटल्यासारखे धावत सुटलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट बाराव्या शतकातील एका कवीने इतक्या सहजतेने मांडावी, याचे आम्हांस फार आश्चर्य वाटले.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही शिक्षकमहाशयांना खुद्द अप्परचे त्या प्रसंगीचे पदच समजावून सांगण्यास सांगितले. आतडी पिळवटणारी वेदना त्यात आहे, आर्जव आहे, अपराधाची कबुली आहे, तिरुवदिगैचा ईश्वर आहे. बहीण नाही. शेवटपर्यंत वाट पाहिली. ती आलीच नाही. रोगी बरा होतो तेव्हा त्याला वेदना आठवते आणि देव आठवतो. तिलकवतीला काव्यात तिची जागा मिळण्यास शेक्किळार जन्मावा लागला आणि मध्ये सुमारे पाचशे वर्षे जावी लागली.

आम्हांस बहिणाबाईंची आठवण झाली ती येथे. आडुतुरैहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत गोविंदपुरम् लागते. तेथे २०११ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे, महाराष्ट्रातील देवळांच्या धर्तीचे मोठे मंदिर उभे राहिले आहे. चालण्याचे बळ येताच आम्ही तेथे गेलो आणि परत येऊन बहिणाबाईंचे ‘आत्मनिवेदन’ पुन्हा काढले. (जात्यावरच्या ओव्यांच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, १६२८ साली देवगावी जन्मलेल्या, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई.)

प्रसंग कोल्हापूरचा. शके १५६९ मध्ये स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला, आणि ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे हे ज्योतिषी नवऱ्याला साहवेना. तो वयाने तिच्याहून सुमारे सत्तावीस वर्षांनी मोठा. त्याने यापूर्वी तिला बांधून मारलेही होते. आता तिला टाकून निघून जाण्याचा निश्चय त्याने केला. ती गरोदर होती. निघण्याच्या बेतात असतानाच तो तापाने पडला. औषध लागू होईना, दुखणे लांबले. आणि बहिणाबाई रात्रंदिवस त्याच्याजवळ बसली.

आमचे अभ्यासक या प्रसंगाकडे कसे पाहतात? बहुधा पुढच्या चमत्काराची पायरी म्हणून. एक वृद्ध ब्राह्मण प्रकट होतो, नवऱ्याची कानउघाडणी करतो, नवरा पश्चात्ताप पावतो, बरा होतो आणि सारे कुटुंब देहूस जाते. तुकोबांचा महिमा सिद्ध झाला, प्रकरण संपले. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते. येथे रोग्याने गायिलेले नाही, दूरच्या चरित्रकारानेही नाही. उशाशी बसलेल्या माणसाने स्वतः लिहिले आहे. अप्परच्या पदात जी जागा रिकामी आहे, नेमक्या त्या जागेवरून हे अभंग बोलतात. १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर छापले. ते वाचणारे परकीय या ओळींपाशी थांबले असतील नसतील, आम्ही मात्र क्वचितच थांबतो.

त्या ओळी थोड्या आहेत, ही आमची तक्रार आहे. सेवेचे वर्णन चटकन आटोपून कवयित्री वृद्ध ब्राह्मणाच्या संवादावर येते आणि तेथे रमते. काव्यदृष्ट्या तो भाग सैल आहे, असे आम्ही प्रथम वहीत टिपले होते. पुढे ते मत निम्मे मागे घ्यावे लागले. तो वृद्ध नवऱ्यास विचारतो काय? बायकोला का टाकतोस, तिचा अपराध कोणता? हे प्रश्न बहिणाबाईचे आहेत. चालत्याफिरत्या नवऱ्यास ते तिने विचारले असते तर काय झाले असते, हे आधीच्या अभंगांत दिसलेच आहे. तो निजला आहे, अन्न सुटले आहे, पाण्यासाठी तिच्याकडेच पाहावे लागते, तेव्हाच ते त्याच्या कानी पडतात; आणि तेव्हाही पुरुषाच्या, ब्राह्मणाच्या, वृद्धाच्या तोंडून. तिलकवती मठात येण्यास नकार देऊ शकली. बहिणाबाईला नकार शक्य नव्हता. घर तेच, माणूस तेच. तिने बसूनच आपला मुद्दा काढला. यास कोणी पातिव्रत्याचा आदर्श म्हणतात. आम्ही तो शब्द येथे वापरणार नाही. तिला त्याची दया आली, की भीती वाटली, की निघालेला माणूस थांबला म्हणून क्षणभर बरे वाटले, यांपैकी काहीच ती सांगत नाही, आणि मृत्युसमयी मुलाला आपले मागले बारा जन्म सांगणाऱ्या स्त्रीने येथे मौन पाळावे, ते उगाच नसावे.

मनातले नाही, पण निदान हातातले काम तरी तिने अधिक लिहून ठेवावयास हवे होते, अशी हळहळ राहतेच. पाणी किती वेळा पाजले, गर्भारपणी कोणत्या कुशीवर टेकली, आईवडील घरात होते तर पाळी कोणी घेतली? हे विचारणे अरसिकपणाचे आहे, असे आमचे एक मित्र पत्राने कळवितात. असेल.

आमच्या आजारातील एक वही परवा कपाटात सापडली. सौभाग्यवतींनी डॉक्टरांना दाखविण्यासाठी ठेवलेली. तिसऱ्या आठवड्यातील एका पानावर नुसत्या वेळा आहेत: दहा, साडेअकरा, एक, अडीच, चार, प्रत्येकीपुढे तापाचा आकडा आणि पेजेचे चमचे. अडीचनंतर अक्षर बदलते. ते आमच्या धाकट्या बंधूंचे. ते नागपूरहून आले होते. त्या रात्रीतील आम्हांस काहीही आठवत नाही.