पडदा कुठपर्यंत येतो

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गल्लीतलं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल. तिथे आपण जन्मतो, अपेंडिक्स काढून घेतो आणि चार दिवसांत घरी येतो. हाँगकाँगच्या दिग्दर्शिका अ‍ॅन हुई यांच्या ‘अ सिंपल लाइफ’मध्ये (२०११) नर्सिंग होम म्हणजे वृद्धांनी कायमचं राहायला जायची जागा. तिथून घरी परतणारे थोडेच.

गोष्ट साधी आहे. ताओने एकाच कुटुंबात ६० वर्षं घरकाम केलंय. त्या घरातला रॉजर (अँडी लाउ) सिनेमांचा निर्माता आहे आणि आता ती त्याच्यासाठीच स्वयंपाक करते. एक दिवस तिला पक्षाघाताचा झटका येतो. ती स्वतःच म्हणते, काम सोडते, मला वृद्धाश्रमात जाऊ दे. ताओचं काम करणाऱ्या डीनी यिप यांना व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं.

या सिनेमाबद्दल बोलताना बहुतेक जण मालक आणि मोलकरणीच्या हळव्या नात्याबद्दल बोलतात. मला त्यातली राहायची जागा आठवत राहते. खोली म्हणजे पार्टिशन घालून केलेला खण. शेजारच्याचं खोकणं, कण्हणं सगळं ऐकू येतं. संडास सगळ्यांचा एकच. ताओ आयुष्यभर दुसऱ्यांचं घर लखलखीत ठेवत आलेली. संडासात जाण्याआधी ती टिश्यूचे बोळे करून नाकात कोंबते. तक्रार नाही, रडणं नाही. हाताशी कागद आहे, त्याची ती भिंत करते. हुई यांनी इथे ना पार्श्वसंगीताने गळा काढलाय, ना आपल्याला किळस यावी म्हणून कॅमेरा आत नेलाय. नीटनेटक्या बाईचं काय हिरावलं गेलंय, ते त्या दोन बोळ्यांतून कळतं.

तरीही हा प्रसंग मला अर्धाच वाटतो. त्याला कारण माझी आजी.

खुब्याचं हाड मोडल्यावर तिला एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं, आपल्याकडच्या अर्थाने. खोली ट्विन शेअरिंग. मधला पडदा भिंतीपर्यंत पोचायचा नाही, वीतभर फट राहायची. पलीकडच्या पेशंटचे नातेवाईक दिवसभर बसलेले, मोबाइलवर रील्स चालू. आजीने पाणी पिणंच सोडलं. ‘डॉक्टर एवढं सांगतायत, मग पीत का नाहीस?’ म्हणून मी तिच्यावर ओरडले. तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, ‘पाणी प्यायलं की ते भांडं मागावं लागतं गं.’ भांडं म्हणजे बेडपॅन.

त्या खोलीत नाक दाबणारे पलीकडचे होते आणि वास आमच्या बाजूचा होता. एकदा तिथल्या एकाने काही न बोलता उठून खिडकी उघडली. आजीने डोळे मिटून घेतले.

‘अ सिंपल लाइफ’ ही बाजू जवळजवळ सोडून देतो. तो बोळे घालणाऱ्या बाईच्या शेजारी उभा राहतो. जिचा वास येतो, तिच्या खाटेवर बसून तो जग बघत नाही. आजूबाजूचे विकलांग म्हातारे कधी गमतीचे, कधी दयनीय, पण बहुतेकदा तिच्या गोष्टीची पार्श्वभूमी होऊन राहतात. पुढे ताओ स्वतः व्हीलचेअरवर येते, तेव्हा ही बाजू उघडायची संधी होती. पण तोवर रॉजर आहे, त्याची माया आहे, त्याच्याकडे पैसाही आहे. तिची लाज राखायला एक माणूस हजर आहे. ज्यांच्याकडे रॉजर नाही त्यांचं काय, हा प्रश्न पार्टिशनपलीकडेच राहतो.

सिनेमाचं मूळ नाव ‘ताओ जिए’, म्हणजे ताओताई. घरातलं सगळं उरकणाऱ्या बाईला ताई म्हणायचं. आपणही हॉस्पिटलात बेडपॅन देणाऱ्या बाईला मावशी म्हणतो आणि नाव विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ड्यूटीवर वेगळ्या मावशी आल्या. आधी पलीकडच्यांना म्हणाल्या, ‘दादा, पाच मिनिटं जरा बाहेर थांबा.’ मग पडदा ओढून त्याची कड खिडकीच्या गजाला कपड्यांच्या चिमट्याने लावली. आजीच्या अंगावरची चादर न काढता खालून भांडं सरकवलं. काम झाल्यावर कोमट पाण्याने पुसून घेतलं, कोरडं केलं आणि मगच पडदा उघडला. भांडं नेलं तेही झाकून. पाच मिनिटांचं काम, पण काय आधी आणि काय नंतर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून हा सिनेमा बघाच. बघताना ताओच्या नाकातल्या बोळ्यांवर थांबा आणि मग पार्टिशनपलीकडे कोण झोपलंय, तेही मनात आणून बघा. ते मात्र आपल्यालाच करावं लागतं.

चिमटा तसाच राहिला. रात्री आजीने स्वतःहून पाणी मागितलं.