चोरपावलांचा हिशेब

साठी उलटल्यावर माणसाने चोर व्हावे की नाही, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. मला भाच्याने चोर केले. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ चालतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे आणि जमेल की फसेल असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. भाचा सूत्रधार. मी चोर, आमची ही जादूगारीण, भाच्याचा मित्र तिरंदाज आणि दहा वर्षांची धाकटी भाची नखशिखान्त चिलखत घातलेली सरदार.

लढाई असली की सारे झकास चालते. पण किल्ल्यात चोरून शिरायचे ठरले की घात! तटाशी आलात, सगळ्यांनी फासे टाका. अंगण ओलांडताय, फासे टाका. जिना चढताय, पुन्हा टाका. कुठेतरी कुणाचा तरी आकडा कमी पडतोच, आणि पडला की लगेच नगारे, मशाली आणि चाळीस पहारेकरी. बहुधा आकडा पडायचा धाकटीचा. कारण जड चिलखतवाल्याने दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरायचा, असा नियमच आहे. मग आम्ही तिघे एका सुरात, "अगं, काय हे!"

चौथ्या रविवारी ती म्हणाली, "तुम्ही जा आत. मी बाहेर घोडे सांभाळते."

गोष्टीत घोडे नव्हतेच.

त्या रात्री मला झोप आली नाही. पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस अशा वेळी कागद घेऊन बसतो. समजा, प्रत्येकाला चारांत तीन वेळा यश येते. म्हणजे तसा बरा चोर. पण चौघांनाही एकदम यश येण्याची शक्यता शेकडा ३२. असे तीनदा टाकायला लावले तर उरते शेकडा ३. याला बेत म्हणत नाहीत, नवस म्हणतात.

हे दुखणे जुने आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली आला. १९७८ च्या नियमपुस्तकात नवशिक्या चोराला आवाज न करता चालणे साधण्याची शक्यता शेकडा १५, सावलीत लपण्याची १०. भिंत चढण्याची मात्र ८५! म्हणजे चढायचे डौलात आणि वर जाऊन सापडायचे.

पुढच्यांनी उपाय शोधले. २०१४ च्या पुस्तकात सांगितले आहे, की टोळीतल्या निम्म्यांना साधले तर सगळ्यांना साधले असे धरावे. तरबेज माणूस अडखळणाऱ्याला सांभाळून नेतो. माझ्या हिशेबातल्या त्याच चौघांची शक्यता मग ३२ वरून ९५ वर जाते. म्हणजे औषध घरातच होते, सूत्रधाराने बाटली उघडली नव्हती. जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ च्या खेळात तर कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे भाग पाडतात. चूक झाली की एखाददुसरा भाग काळा करायचा. सगळे वर्तुळ भरले की मगच बोंब.

मला हे वर्तुळ पाहून आमचे वडील आठवले. आमच्या वाड्यातल्या जिन्याची सातवी पायरी कुरकुरायची. रात्रीचा सिनेमा पाहून मी आणि थोरला भाऊ परतायचो. पहिल्या आवाजाला वडील कूस बदलत. दुसऱ्याला खोकत. तिसऱ्याला, "कोण आहे रे?" दिवा लागे तो चौथ्याला. मधल्या वेळात श्वास रोखून उभे राहता येई. एकदा भावाने म्यांव केले. "मांजर आहे वाटतं," म्हणून वडील झोपले. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी शांतपणे विचारले, "मांजरानं कुठला सिनेमा पाहिला?"

शूद्रकालाही हे कळत होते. 'मृच्छकटिका'तला शर्विलक जानव्याने भिंत मापून भोक पाडतो आणि आत शिरतो, तर तिथे मैत्रेय झोपेत बरळतो. आमच्या भाच्याने तेवढ्यावर नगारे वाजवले असते. शूद्रकाने मैत्रेयाकरवीच दागिने चोराच्या हाती ठेवले, आणि नाटक पुढे गेले.

हे सारे मी भाच्यापुढे मांडले. तो म्हणाला, "मामा, असं सोपं केलं तर धोका कुठं राहिला?"

प्रश्न रास्त होता. धोका हवाच. त्याच्याशिवाय चोरी म्हणजे नुसता फेरफटका. पण तो आधी दिसायला हवा. पहारेकरी कुठे आहे, चुकले तर काय होईल, हे सांगावे आणि मग एकदाच फासा टाकायला लावावा. फसेपर्यंत टाकायला लावणे म्हणजे निकाल आपण द्यायचा आणि आळ फाशावर घ्यायचा. शिवाय त्या आळातला मोठा वाटा एका दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडत होता. तेवढे शेवटचे वाक्य मी हळू बोललो. भाचा काही बोलला नाही. कागद मात्र घेऊन गेला.

परवाच्या रविवारी त्याने टेबलावर चार भागांचे वर्तुळ काढले. धाकटीला घोड्यांवरून बोलावून आणले. फासे एकदाच टाकले. मी, माझे सर्व कौशल्य पणाला लावून, तीन टाकला. हिचेही फसले, मित्राचेही. निम्मेसुद्धा जमले नाहीत. एक भाग काळा झाला.

"पहारेकरी थबकतो," भाचा म्हणाला. "म्हणतो, कोण आहे रे तिकडं? काय करता?"

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात चिलखतातून आवाज आला, "म्यांव!"

भाच्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "पहारेकरी पुढं जातो."

किल्ल्यातली सकाळ अजून उजाडायची आहे. पण चहाच्या वेळी काय विचारतील, याची मी तिला कल्पना देऊन ठेवली आहे.