‘राजी’ : बहिणीच्या शोधकथेचे सामर्थ्य व मर्यादा

संगणकीय खेळ हीही एक कथनसंहिता आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखकाने अलीकडे दोन खेळ खेळून पाहिले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये (१९८९) राजकन्या बंदिवान असते, तिच्या सुटकेसाठी नायकाजवळ साठच मिनिटे असतात. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ने (२०२०) ही रचना उलटविली. येथे बहीण असुरांनी पळविलेल्या भावाचा शोध घेते. राजस्थानी वळणाचे महाल पाहताना पाऊल रेंगाळते. तथापि, तिचे कर्तृत्व अखेर शस्त्रातच सामावते, ही या खेळाची मर्यादा होय. पुणतांब्यास चांगदेवांची समाधी आहे. वाघावर आरूढ होऊन आलेल्या या योग्याला वयाने धाकट्या मुक्ताबाईने ज्ञान दिले, अशी परंपरा सांगते. चालत्या भिंतीची ही कथा खेळरूपात आल्यास नायिकेला शस्त्राची गरज उरणार नाही. कसोटी बोटांच्या चपळाईची नव्हे, विवेकाची लागेल.