आघात : एक शब्द, अनेक अर्थ ('खौफपूर' ते पीथमपूर)

प्रस्तावना

'ट्रॉमा' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ जखम. इस्पितळातील 'ट्रॉमा सेंटर'मध्ये तो आजही शरीराच्या जखमेसाठीच वापरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो मनाच्या जखमेलाही लागू झाला आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकाराला अधिकृत निदानाचा दर्जा दिला. आपण मराठीत 'आघात' म्हणतो, उर्दूत 'सदमा' म्हणतात. एकाच शब्दावर इतका भार पडला की अर्थ धूसर होतो. प्रस्तुत लेखात इंद्रा सिन्हा यांच्या 'अ‍ॅनिमल्स पीपल' (२००७) या इंग्रजी कादंबरीच्या आधारे या अर्थांची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

व्यक्तीचा आघात

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. कादंबरीत भोपाळचे नाव 'खौफपूर' आहे. विषामुळे पाठीचा कणा वाकलेला, हातापायांवर चालणारा तरुण आपली कहाणी टेपवर सांगतो. लोक त्याला 'जानवर' म्हणतात. त्याला सांभाळणारी फ्रेंच जोगीण मा फ्रांसी त्या रात्रीनंतर फ्रेंचखेरीज सर्व भाषा विसरते. इतरांचे बोलणे तिला निव्वळ आवाज वाटते. आघात माणसाला मुका करतो, हे आपण नेहमी वाचतो. येथे बाई बोलते आहे, परंतु तिचे आणि शेजाऱ्यांचे नाते तुटले आहे. कादंबरीतील हे निरीक्षण कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचे आहे.

समाजाचा आघात

एली ही अमेरिकन डॉक्टर मोफत दवाखाना उघडते, तरी वस्ती तिच्यावर बहिष्कार टाकते. ती 'कंपनी'ची असावी, असा संशय असतो. आजारी माणसे औषध नाकारतात, हे वरकरणी अडाणीपणाचे वाटेल. वास्तविक, न्याय न मिळालेल्या समाजात उपचारावरचा विश्वासही जखमी होतो. अखेरीस कणा सरळ करणारी शस्त्रक्रिया जानवर नाकारतो. हा शेवट काहींना अपंगत्वाचे उदात्तीकरण वाटू शकेल. माझ्या मते तेथे लेखकाने एक रास्त भेद केला आहे : एका व्यक्तीचा कणा सरळ झाल्याने शहराचा हिशेब चुकता होत नाही.

खौफ आणि सदमा

कादंबरी एका प्रश्नापाशी थांबते : जे त्या रात्री तेथे नव्हते, त्यांचे काय? १ जानेवारी २०२५ च्या रात्री कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून धार जिल्ह्यातील पीथमपूरकडे निघाला. हे गाव आपल्या देपालपुर तहसिलीतील बेटम्यापासून जवळच आहे. ३ जानेवारीच्या निदर्शनांत दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. कचरा जूनअखेरपर्यंत जाळला गेला, राख उरली. उत्सर्जन मर्यादेत असल्याचे शासनाने सांगितले, परंतु लोकांची भीती ओसरली नाही.

याला 'ट्रॉमा' म्हणावे काय? सरसकट म्हणू नये. ज्यांची फुप्फुसे जळाली त्यांच्या पंक्तीला सर्वांना बसविले, तर मूळ पीडितांचा हक्क पातळ होतो. पण ती भीती अफवा म्हणून झटकणेही अन्यायाचे आहे. तिच्या मागे चाळीस वर्षांचा अनुभव उभा आहे. सिन्हा यांनी निवडलेला शब्द येथे उपयोगी पडतो. घडून गेलेल्याचा तो सदमा, घडू शकेल त्याचा तो खौफ. पहिल्याला उपचार व भरपाई हवी. दुसऱ्याला खरी माहिती आणि निर्णयात वाटा हवा.

समारोप

आपल्या महाविद्यालयांत या परिसरातील विद्यार्थी शिकतात. ही कादंबरी शिकविताना प्राध्यापकांनी 'तुला काय भोगावे लागले?' असे वर्गात विचारू नये. त्या रात्रीच्या कहाण्या गोळा करणाऱ्यांवर जानवर चिडतो, तो याच कारणाने. 'ही जखम कोणाची, कोणी केली, आणि कोणाकडे काय मागायचे?' हे तीन प्रश्न विचारावेत. शब्दाचे अर्थ वेगळे केले की जबाबदारीही वेगळी दिसू लागते.