पंचनाम्याचे गद्य

मराठी गद्याचे जे प्रकार आपल्या समीक्षेने हाताळले, त्यांत पंचनामा नाही. कथा, कविता, आत्मकथन यांवर आपण परिसंवाद घेतले, वाद घातले, प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला नकार दिला. परंतु ज्या दीड पानी मजकुरावर आपल्या माणसाच्या मरणाचा अर्थ ठरतो, तो मजकूर 'वाङ्मय नव्हे' म्हणून आपण बाजूला ठेवला. अमरावती-अकोल्याकडील कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून आलेले असे पंचनामे मी गेली काही वर्षे वाचतो आहे. पंचनाम्याला निवेदक आहे, भाषा आहे, निवड आहे आणि मौनही आहे. मग त्याची समीक्षा का होऊ नये?

प्रथम निवेदक पाहू. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' अशी सुरुवात होते. निवेदन प्रथमपुरुषी, बहुवचनी. पण लिहिणारा हात पंचांचा नसतो, तो जमादाराचा असतो. पंच फक्त सही करतात. हे पंच कोण असावेत? इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडतीसाठी त्या वस्तीतील दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवासी मागितले. १९७३ च्या संहितेने कलम १०० मध्ये 'स्वतंत्र' हा शब्द त्याला जोडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये दोन्ही शब्द तसेच आहेत. मरणोत्तर पंचनाम्यालाही शेजारचे प्रतिष्ठित रहिवासीच लागतात. घटनास्थळाच्या पंचनाम्यात हीच रीत प्रथेने चालते. आता प्रश्न असा की, गावात प्रतिष्ठा कोणाची? ज्याचा वाडा, ज्याची विहीर, ज्याच्या शेतात आपली बाई निंदायला जाते, त्याची. आणि स्वतंत्र कोण? जो त्याच्यावर पोटासाठी अवलंबून नाही तो. गावकीत हे दोन्ही गुण असलेला माणूस क्वचित सापडतो. म्हणून पंच एक तर आरोपीच्या भावकीतला निघतो, नाही तर त्याला भिणारा. पुढे कोर्टात तो फितूर झाला की आपण हळहळतो. परंतु फितुरीची तरतूद पहिल्याच ओळीत झालेली असते.

यातला उपहास असा की, जुन्या गावगाड्यात शिवेचा वाद निघाला तर महाराचा शब्द प्रमाण मानत. हद्दीचा दगड कोठे होता हे तो सांगे आणि गाव ते मान्य करी. जमिनीची खूण ओळखणारा हा माणूस स्वतःच्या घरातल्या रक्ताच्या खुणेसाठी मात्र 'प्रतिष्ठित' ठरत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. नमुन्यासाठी मी एक जबाब रचून घेतो. एखादी माय सांगते, "त्याईनं आमच्या घराची ताटी मोडली, पिठाचा डबा उलटवला, बाबासाहेबाचा फोटो पायाखाली घेतला, अन् मंग माह्या पोराले बाहेर ओढलं." यावर ठाण्याच्या मराठीत असे उतरते : 'घरातील सामान अस्ताव्यस्त पडलेले दिसले. दरवाजा तुटलेला. फ्रेमच्या काचेचे तुकडे दिसले.' या तीन वाक्यांत खोटे काहीच नाही, तरीही सगळे गेले आहे. कोणाची फ्रेम? काच कशाने फुटली? चित्रावर चपलेचा ठसा होता काय? तो फोटो हा भौतिक पुरावा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या मूळ कलम ३(२)(५) खाली गुन्हा जातीच्या कारणावरून घडला हे दाखवावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जात माहीत असताना केलेला गुन्हा पुरेसा ठरतो. पण त्या माहितीची आणि त्या द्वेषाची खूण ज्या वस्तूवर उमटली, तिला 'सामान' म्हटले की जात घटनास्थळावरून नाहीशी होते. माणसाला मारणारा एक, आणि त्याच्या मरणातून जात पुसणारा दुसरा.

तिसरी गोष्ट मौनाची. काय लिहिले नाही हे समजण्यासाठी काय लिहायला हवे होते ते आपल्याला माहीत पाहिजे. रक्त लागलेली माती उचलली तर जवळचीच साधी मातीही वेगळी घ्यावी लागते, तुलनेसाठी. ओले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधावे लागतात. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात आणि प्रयोगशाळेच्या हाती काही उरत नाही. नकाशात दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजावे लागते. पुडी कोणी बांधली, सील कोणी केले, मुद्देमाल खोलीत ती कधी गेली, तेथून प्रयोगशाळेत कोणी नेली, या साखळीची एक कडी तुटली तर सगळी पुडी संशयास्पद ठरते. आमच्या काळ्या मातीवर एक सर पडली की पाऊलखूण मिटते. म्हणून उशीर हेही मौनाचेच रूप आहे. 'पोलीस दुसऱ्या दिवशी आले' हे वाक्य पंचनाम्यात नसते. वार, वेळ आणि फिर्यादीची तारीख शेजारी ठेवून ते आपणच वाचायचे असते.

अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावी १९७४ साली दोन दलित भावांचे डोळे काढले गेले. पँथरने तो आक्रोश महाराष्ट्रभर नेला. त्या क्रौर्याचा एक अर्थ आपण पुरेसा बोललो नाही : डोळे काढणे म्हणजे साक्षीदाराची साक्षच काढून घेणे होय. मारेकऱ्याकडे बोट दाखवण्याचा, मुद्देमाल पाहून 'हाच तो' म्हणण्याचा अधिकार त्यात हिरावला गेला. तेथे निदान जखमच पुरावा होती, ती कोणाला झाकता आली नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. पहिल्या तपासणीने जे घालवले ते दुसरीला परत मिळवता आले नाही. त्या संतापात नोव्हेंबरमध्ये अमरावती पेटली, पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला. खटल्यात शिक्षा झाल्या. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा सिद्ध मानला गेला नाही. जे पहिल्या काही तासांत नोंदले नाही, ते मोर्चाने नंतर नोंदवता येत नाही.

कोणी म्हणेल, हे वकिलाचे काम; साहित्याने वेदना सांगावी. मला हे मान्य नाही. आपले साहित्य साक्षीचे साहित्य आहे असे आपणच म्हणतो. मग साक्षीत वस्तू का नको? आपल्या कितीतरी कथांत 'पोलीस आले, पंचनामा झाला' एवढ्या वाक्यावर प्रसंग संपतो. खरे तर तेथे दुसरी हत्या सुरू होत असते. पुराव्याची ताकद बाबासाहेबांनी ओळखली होती. चवदार तळ्याचा लढा १९२७ साली पाण्याच्या ओंजळीने सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली तो जिंकला गेला, कारण स्पर्शबंदीची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. क्रांती आणि पुरावा यांचे वैर नाही.

आता नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सांगितले आहे, आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. याचे स्वागत करावे. मात्र कॅमेरा हाही निवेदकच. तो ताटीकडे वळला की फुटक्या फोटोकडे, हे कोण ठरवणार? यंत्राला जात नसते, पण यंत्र धरणाऱ्या हाताला असते. बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाचे कष्ट कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले, पद्धतीला नाव मात्र हेन्रीसाहेबाचे लागले. शास्त्र शुद्ध असूनही श्रेयाची नोंद अशी होते.

म्हणून विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. घटना घडली की घरात गर्दी करू नका. आपल्याच पायांनी खुणा मोडतात. वस्तूला हात न लावता लांबून जवळ असे फोटो घ्या, वेळ लिहा. मायमाउलीचा जबाब तिच्याच वऱ्हाडीत, तिच्याच क्रमाने उतरवा. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी व पोलीस अधीक्षकांनी स्थळपाहणी करायची असते आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे जात नाही. हे लेखी मागा. आणि पंचनामा हाती आला की तो समीक्षकाप्रमाणे वाचा : कोण बोलतो, कोणाच्या भाषेत बोलतो, काय गाळतो. साहित्याच्या वर्गात शिकलेले वाचन येथे कामी आले नाही, तर ते कशासाठी शिकलो?