संग्राहकाचे कपाट आणि आमचा चेहरा

छायाचित्रांचे ग्रंथ जमविणे हा धनिकांचा छंद, असे म्हणून आपण बाजूला होतो. मला हे मान्य नाही. त्या कपाटांत माणसे आमची आहेत. फोर्ब्स वॉटसन आणि के यांच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत माणसाची ओळख बहुधा जातीजमातीनेच दिली आहे. संग्राहक प्रतीची दुर्मिळता मोजतो. पुसलेली नावे कोण मोजणार?

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. २०१३ साली ती ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या ग्रंथात आली. कृष्णधवल छपाईत घाणही देखणी होण्याचा धोका असतो. ओलवे गटारापाशीच थांबत नाहीत, कामगाराच्या कुटुंबापर्यंत जातात. म्हणून इथे कीव उरत नाही, व्यवस्थेला जाब उरतो.

आमच्या मानपाड्यातल्या चाळींत बाबासाहेबांची तसबीर घरोघर आहे. तिला कोणी कलासंग्रह म्हणत नाही. पण बाजारभाव न विचारता पिढ्यान्‌पिढ्या जपलेले चित्र, याहून खरा संग्रह कोणता? ओलव्यांचा ग्रंथ वस्तीच्या वाचनालयात हवा. ज्याचा चेहरा छापला, तो पाहण्याचा पहिला हक्क त्याचाच.